कप्तानाच्या टाकीवरची पट्टी

उजवा बूट डाव्या पोटरीला पुसायचा, डावा उजव्या पोटरीला. त्यामुळे पँटवर कायम दोन मळकट डाग.

लिफ्टचं बटण दोनदा दाबायचं. दुसऱ्या कुणी दोनदा दाबलं तर त्याच्यावर खेकसायचं.

हेल्मेटची काच थुंकी लावून पुसायची.

कुणी आपल्या प्रवासाचं अंतर सांगितलं की जरा थांबून स्वतःचं सांगायचं. ते शंभर-दीडशे किलोमीटरने जास्तच निघायचं.

फोटोत मधोमध उभं राहायचं आणि मग म्हणायचं, मला कशाला मध्ये घेता.

बोलायला सुरुवात ‘नियम असा आहे’ने करायची आणि शेवट ‘मी बघतो’ने.

ही यादी मी दोन वर्षांत जमवली. तेव्हा प्रेमाने जमवत होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. मी साहित्याचा पदवीधर. एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. माणसांच्या लकबी टिपून ठेवायची खोड आहे. शिवाय कप्तान माझा मित्र होता. तसं तो म्हणायचा आणि मी नाही म्हटलं नव्हतं.

तो कुठल्याही सैन्यात नव्हता. लिफ्ट दुरुस्त करायचा. गावातल्या चार इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. कान मात्र तयार होता. तळमजल्यावर उभा राहून वरच्या मोटारीतलं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा, आणि ते खरं निघायचं. एवढं एक त्याच्या खात्यावर मांडतो. दुसरं म्हणजे मोटारसायकल मला त्याने शिकवली. पाच रविवार. एकदाही आवाज चढवला नाही.

त्या चारांपैकी एक इमारत दवाखान्यांची होती. पाच मजल्यांवर गुडघ्याचे, डोळ्यांचे, हृदयाचे डॉक्टर. तिथली लिफ्ट चार महिने बंद होती. दारावर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी. गुडघ्याचे रोगी कठड्याला धरून चौथ्या मजल्यावर चढायचे. कप्तानाला कुणी विचारलं की तो म्हणायचा, नियम असा आहे, सुटा भाग आल्याशिवाय दार उघडायचं नाही. बघतो मी.

दार तो उघडायचा. एकदा माझ्यासमोर उघडलं. आत आमच्या पथकाचे झेंडे होते, जास्तीच्या ट्यूबा, दोन तंबू आणि त्याचं चामडी जाकीट हँगरला लावलेलं. मी हसलो. फार मजेशीर माणूस आहे, असं मला वाटलं. तेव्हाच शहाणा व्हायला हवं होतं.

पथक म्हणजे आम्ही अकरा जण. लांब पल्ल्याच्या मोटारसायकल सहलींना जाणारे. कप्तान सगळ्यांच्या पुढे. सगळ्यात शेवटी जो असतो त्याला शेपूट म्हणायचं. जिथे रस्ता वळतो तिथे कप्तान आपल्या मागच्या माणसाला थांबवतो. त्या माणसाने वळणावर उभं राहून हात करायचा आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला रस्ता दाखवायचा. शेपूट येईपर्यंत तिथून हलायचं नाही. शेपूट आलं की सगळे झाले असं समजायचं आणि त्याच्या पुढे लागायचं. पद्धत चांगली आहे. त्यामुळे कुणी चुकत नाही. फक्त वळणावरच्या माणसाने दोघांवर विश्वास ठेवायचा असतो, पुढच्यावर आणि शेवटच्यावर.

वळणावर बहुतेक वेळा मेहुणेबुवाच असायचे. कप्तानाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पाणीपुरवठ्यात कामाला. पहाटे ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवायचा, पाणी सोडायचं, ठरलेल्या वेळी बंद करायचं. मधल्या वेळात तिथेच बसायचं. बावीस वर्षं हेच. वाट बघायची म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. कप्तानाने आपली जुनी गाडी त्यांच्या गळ्यात मारली होती आणि आपणच यांना माणसांत आणलं, असं चारचौघांत सांगायचा. मेहुणेबुवा मान डोलवायचे.

मागच्या वर्षीच्या मोटारसायकलवाल्यांच्या मेळाव्यात कप्तानाने व्यासपीठावरून त्यांचा किस्सा सांगितला. चाळीस मिनिटं उभे राहून ते पाणी प्यायला समोरच्या टपरीवर गेले. तेवढ्यात तिघे आले आणि सरळ निघून गेले. तीनशे माणसं हसली. कप्तान म्हणाला, माझी बहीण याला दूध आणायला पाठवत नाही ते उगाच नाही. मेहुणेबुवाही हसले. मी त्यांच्या शेजारीच होतो. हसताना ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते. त्यानंतर त्यांनी गाडीला पाण्याची बाटली बांधून ठेवली, कायमची.

या वर्षीचा मेळावा धरणाजवळच्या माळावर होता. तीन दिवस. एकमेकांच्या टायरांची झीज बघत हिंडणारी माणसं. पोटावरून बंद न होणारी जाकिटं, त्यावर इतकी बोधचिन्हं शिवलेली की मूळ कापड शोधावं लागे. ‘रस्ता हेच घर’ असं पाठीवर लिहिलेला एक जण दर तासाला घरी फोन करून दूध उतू गेलं का विचारत होता. एकाने गाडी टेम्पोत घालून आणली आणि शेवटचा एक किलोमीटर चालवत आला. सर्वांत लांबून आल्याचं पदक त्यालाच मिळालं. कप्तानाला ‘उत्कृष्ट नेतृत्व’ असं प्रमाणपत्र मिळालं. नेतृत्वाची सोळा प्रमाणपत्रं वाटली. नेमकी तेवढीच पथकं आली होती.

परतीच्या दिवशी मी शेपूट होतो. पहिल्यांदाच. आदल्या संध्याकाळी कप्तानाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, लेखक, मोठी जबाबदारी आहे. मला बरं वाटलं. हेही कबूल करतो.

त्या दिवशी मेहुणेबुवांना सहाच्या आत बसस्थानकावर पोचायचं होतं. त्यांची मुलगी दूरच्या गावी निघाली होती. परिचारिकेच्या शिक्षणाला तिला जागा मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. पहिल्यांदाच घर सोडत होती. पुढचे दहा महिने सुटी नव्हती. मेहुणेबुवांनी तिला सांगितलं होतं, ट्रंक बसच्या टपावर मी बांधणार, तिथल्या हमालाच्या गाठी सुटतात. तीन दिवसांत त्यांनी हे मला चार वेळा सांगितलं. मेळाव्याला यायचंच नव्हतं त्यांना. कप्तान म्हणाला होता, चारला घरात असशील, मी बघतो.

दुपारी बाराला आम्ही एका खानावळीत जेवायला थांबलो. पुढे आठ किलोमीटरवर फाटा होता. तिथून डोंगरातला जुना रस्ता आमच्या गावाकडे येतो. कप्तानाला घाई दिसली. त्याने मेहुणेबुवांना अर्ध्या ताटावरून उठवलं. तू पुढे हो, फाट्यावर उभा राहा, आम्ही तुझ्या मागोमाग आलोच. मेहुणेबुवांनी तोंड पुसलं, बाटली भरून घेतली आणि निघाले.

ते गेल्यावर पंधरा मिनिटांनी दुसरं एक पथक आलं. सात मोठ्या परदेशी गाड्या. त्यांच्या म्होरक्याने कप्तानाचं जाकीट बघितलं आणि मान हलवली. एवढंच. कप्तान ताट सोडून उठला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. म्हणाला, आपण यांच्याबरोबर जातोय, नव्या रस्त्याने. जरा लांबचा, पण रुंद आहे, एकदम गुळगुळीत.

नवा रस्ता त्या खानावळीच्या दारातूनच फुटतो. फाट्यापर्यंत जावंच लागत नाही.

मी विचारलं, मेहुणेबुवांचं काय? तिथे फोन लागत नाही. दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे तो फाटा.

कप्तानाच्या गाडीच्या टाकीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा असायचा. त्यावर तो दिवसाची कामं लिहायचा आणि झालेल्या कामावर रेघ मारायचा. टाकीवर लिहिलं की झालंच समज, असं म्हणायचा. त्याने खिशातून जाड पेन काढलं, टाकीवर वाकला आणि माझ्यादेखत लिहिलं: मेहुण्याला आणणे.

मी म्हणालो, मीच जाऊन घेऊन येतो. सोळा किलोमीटरचा तर प्रश्न आहे.

‘लेखक, तू शेपूट आहेस,’ तो म्हणाला. ‘शेपटाने डोकं चालवायचं नसतं. सगळ्यांच्या मागे राहायचं. मी बघतो.’

बाकीचे हसले. मी हेल्मेट घातलं. हे मला नीट लिहायला हवं. मला कुणी बांधून नेलं नाही. रस्ता मोकळा होता, टाकीत पेट्रोल होतं, आणि मी शेपूट असल्यामुळे कुणाला कळलंही नसतं. तरी मी त्यांच्या मागे गेलो. पट्टीवर लिहिलेलं मी वाचलं होतं. लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा हे माझं शिक्षण.

नव्या रस्त्यावर मोठ्या गाड्या वीस मिनिटांत दिसेनाशा झाल्या. त्याआधी कप्तानाने त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. मधोमध. गावाच्या वेशीवरच्या पंपावर आम्ही पांगलो तेव्हा सव्वाचार झाले होते. मी पुन्हा विचारलं. कप्तान म्हणाला, तो काय कुकुलं बाळ आहे? अर्धा तास वाट बघेल, येईल जुन्या रस्त्याने. आपल्याआधी पोचला असेल. मी फोन लावून बघितला. लागला नाही. गाडी चालवत असतील, असं मी ठरवलं. हे ठरवायला सोपं होतं. घरी गेलो आणि आंघोळ केली.

मुलीने मला निरोपाला बोलावलं होतं. माझ्याकडची पुस्तकं ती वाचायची आणि कोपरे दुमडून परत करायची. साडेपाचला मी बसस्थानकावर पोचलो. ती होती, तिची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांची ताई होती, ट्रंक होती. कप्तानही होता, ते चामडी जाकीट घालून. एवढ्या उकाड्यात. गळ्यात मेळाव्याचा बिल्ला. भाचीला द्यायला पेन आणलं होतं, डबीसकट. त्याने बसच्या शिडीवर एक पाय ठेवला होता आणि हमालाला सांगत होता, नियम असा आहे, जड वस्तू पुढच्या बाजूला. ट्रंक त्याने आमच्या पथकाच्या रबरी जाळीने बांधली होती. एक हूक लोंबत होता.

‘दादा, हे कुठे राहिले?’ ताईने विचारलं. तिने हे आधीही विचारलं असावं, कारण तिचा आवाज सपाट होता.

‘येतोय मागून,’ कप्तान म्हणाला.

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिने पथकाचे नियम जेवताना लहानपणापासून ऐकले होते. वडिलांचा सगळा पराक्रम वळणांवर उभं राहण्याचाच, त्यामुळे घरात गोष्टीही त्याच.

‘आज शेवटी तुम्ही होतात ना?’

मी हो म्हणालो.

‘मग बाबा तुमच्या मागे कसे असतील?’

मी कप्तानाकडे बघितलं. कुठल्या वळणावर, तिने विचारलं. मी सांगितलं. कधीपासून? साडेबारापासून. तिने घड्याळाकडे बघितलं. पावणेसहा झाले होते. फाटा जुन्या रस्त्याने सत्तर किलोमीटरवर. हिशेब तिने मनातच केला असणार, कारण बोटं हलली नाहीत.

कप्तान शिडीवरून उतरला. ‘अगं, निघाला असेल तो. इतका वेळ कोण थांबतं? मी बघतो.’

‘नको मामा,’ ती म्हणाली.

ताई म्हणाली, ‘मग आत्ता जा ना दादा. गाडी बाहेरच उभी आहे तुझी.’

कप्तानाने उजवा बूट डाव्या पोटरीला पुसला. मग म्हणाला, नियम असा आहे, दिवसात आठ तासांच्या वर चालवायचं नाही. त्याचे आठ झाले होते. पाठही भरून आली होती. शिवाय कुणीतरी मुलीला बसवून द्यायला हवं, घरातलं मोठं माणूस म्हणून.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तिला ओरडता येतं, मी ऐकलं आहे. त्या दिवशी ती हळू बोलली.

‘ती लिफ्टला लावतोस ना, दुरुस्ती चालू आहे, ती पाटी गळ्यात घालून हिंड तू. म्हणजे लोक जिन्याने जातील तरी.’

शेजारचा हमाल हसला. कप्तानही हसला. त्याला वाटलं, विनोद आहे.

मुलगी मला म्हणाली, तुम्ही जा. दुसऱ्या कुणाला पाठवून उपयोग नाही, शेवटचा माणूस दिसल्याशिवाय ते हलणार नाहीत. आणि ट्रंक नीट बांधली आहे म्हणून सांगा. मी त्या लोंबत्या हुकाकडे बघितलं. तिनेही बघितलं. मग मी निघालो. ती बसमध्ये चढली की नाही हे मला बघता आलं नाही, पण चढली. आठला हजर व्हायचं होतं.

जुना रस्ता वाईट होता. संधिप्रकाशात खड्डे दिसत नव्हते. सव्वासातला मी फाट्यावर पोचलो. ते उभे होते. गाडी कडेला, स्टँडवर. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. माझा दिवा दिसताच त्यांनी सवयीने हात लांब केला आणि जुन्या रस्त्याकडे दाखवला. मी त्याच रस्त्याने उलटा आलो होतो, हे त्यांच्या लक्षात यायला एक क्षण लागला.

‘सगळे झाले का?’ त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, झाले.

त्यांनी मान हलवली. बाटली उलटी करून उरलेलं घोटभर पाणी मला देऊ केलं. मी घेतलं नाही. मग ते सांगू लागले, मी विचारलं नसताना. दोनदा किल्ली लावली होती. एकदा तीनला, एकदा साडेचारला. दोन्ही वेळा वाटलं, नेमके आत्ता आले तर. मागच्या वर्षी तसंच झालं होतं. चाळीस मिनिटं थांबलो आणि एका मिनिटासाठी घोटाळा केला.

‘पाचनंतर म्हटलं आता पोचत नाही,’ ते म्हणाले. ‘पण तिची बस इकडूनच जाते. साडेसातला. म्हणून या बाजूला उभा राहिलो. खिडकी या बाजूची घेतली असेल तर दिसेल.’

बस नव्या रस्त्याने जातात. महिना झाला. मेळाव्याच्या गडबडीत त्यांनी स्थानकावरची सूचना वाचली नसावी, किंवा व्हॉल्व्हपाशी बसून कळलं नसावं. मला ते सांगावं लागलं. माझ्याइतके शब्द शिकलेल्या माणसाला ‘नव्या रस्त्याने’ या दोन शब्दांना इतका वेळ लागू नये.

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. मग हेल्मेट घातलं. पट्टा लावायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. ‘ट्रंक कुणी बांधली?’ त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांनी किल्ली फिरवली. परतताना ते पुढे होते आणि मी मागे. कधी नव्हे तो मी शेपटासारखा वागलो.

एखादा माणूस यानंतर तोंड दाखवणार नाही, असं मला वाटलं होतं. आमच्या शिकवणीत माणसाला पश्चात्ताप होतो, निदान शेवटच्या प्रकरणात. कप्तान दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणेबुवांच्या घरी गेला. मी तिथेच होतो. तो दारातूनच म्हणाला, शाबास, नियम पाळलास, याला म्हणतात पथक. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मेहुणेबुवांनी खुंटीवरून जुन्या गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. मग कामावर गेले. पाणी सोडायची वेळ झाली होती. कप्तान किल्लीकडे बघत म्हणाला, रुसलाय. येईल ताळ्यावर.

पंधरा दिवसांनी त्याने मला बोलावलं. पुढच्या मेळाव्यासाठी भाषण लिहून हवं होतं. विषय त्याने ठरवला होता: फाट्यावर सात तास उभा राहिलेला माणूस. निष्ठा म्हणजे काय, ते लोकांना कळलं पाहिजे, तो म्हणाला. मुलीचं, बसचं त्यात नको, उगाच लांबण लागते. शेवटी तू स्वतः त्याला आणायला गेलास असं न म्हणता ‘आम्ही गेलो’ असं म्हण. तीनशे माणसं रडली पाहिजेत.

आम्ही त्याच्या इमारतीच्या तळघरात, गाड्यांच्या जागेत उभे होतो. त्याला वरून कुणीतरी हाक मारली. लिफ्टबद्दल होतं. ‘मी बघतो,’ तो ओरडला आणि जागचा हलला नाही.

मला त्याच्याकडे बघवेना म्हणून मी त्याच्या गाडीकडे बघितलं. मेळाव्याची धूळ अजून पुसलेली नव्हती. टाकीवर त्या दिवसाची पट्टी तशीच चिकटलेली होती, कडा जरा उचललेल्या. चेनला तेल, त्यावर रेघ. प्रमाणपत्र घेणे, रेघ. पथकाचा फोटो, रेघ. मेहुण्याला फाट्यावर पाठवणे, रेघ. मोठ्या गाड्यांबरोबर फोटो, दोन रेघा. भाचीला पेन, रेघ. बसस्थानक सहा वाजता, रेघ.

मध्ये एका ओळीवर रेघ नव्हती. मेहुण्याला आणणे.